मंत्रिमहोदयांनी व्यंगचित्रकार कसा सांभाळावा

समजा, आपण 1790 च्या दशकातल्या लंडनमध्ये राजकारणात उतरला आहात. भाषणांचा सराव पुढे कधीही करता येईल. आधी हॅना हम्फ्रीबाईंच्या छापचित्रांच्या दुकानासमोर जरा उभे राहून यावे, कारण ज्यांना आपले नावही वाचता येत नाही ते लोक आपल्याला त्या काचेतूनच ओळखणार आहेत. वर माडीवर व्यंगचित्रकार जेम्स गिलरे छापण्यासाठीच्या तांब्याच्या पत्र्यावर कुणाचे तरी नाक लांबवत बसलेला असतो.

चित्रे क्षुल्लक मानण्याची चूक मंत्री चार्ल्स फॉक्स यांच्यासारख्या मुरब्बी माणसाकडूनही झाली असावी. ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालणारे विधेयक त्यांनी 1783 मध्ये आणले, तेव्हा दुसरा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्स याने त्यांना ‘कार्लो खान’ बनवून हत्तीवर बसवले, हत्तीला त्यांचे सरकारमधले जोडीदार लॉर्ड नॉर्थ यांचा चेहरा लावला आणि पुढे तुतारी फुंकायला सहकारी एडमंड बर्क यांना धाडले. विधेयक उमरावांच्या सभागृहात पडले, राजाने मंत्रिमंडळ घरी पाठवले, आणि नवे पंतप्रधान पिट यांच्या कृपेने सेयर्सला सरकारी पद मिळाले. गुणांची कदर अशी तत्पर असावी!

चित्रकाराला अटक करण्याचा मोह मात्र आवरावा. जानेवारी 1796 मध्ये युवराजांच्या नवजात कन्येवरील एका चित्रात धर्मनिंदा दिसल्याने गिलरेला पकडले गेले. त्याने तो सुधारला, असे म्हणायला काही आधार नाही. त्यापेक्षा पिट यांच्या गोटातले तरुण राजकारणी जॉर्ज कॅनिंग यांचा कित्ता गिरवावा. गिलरेने आपल्याला चित्रात घ्यावे म्हणून त्यांनी मित्रामार्फत वशिला लावला, आणि त्याच वर्षी कल्पित फ्रेंच स्वारीच्या चित्रात दिव्याच्या खांबाला लटकलेल्या स्थितीत त्यांची वर्णी लागली. फासावर का होईना, जागा मिळाली, याबद्दल कृतज्ञ राहण्यास शिकावे.

पुढचा टप्पा खर्चाचा. 1797 पासून पिट यांच्या पक्षाने गिलरेला वर्षाला 200 पौंडांचे गुपचूप निवृत्तिवेतन सुरू केले, म्हणजे निवृत्त होऊ नये म्हणून दिलेले. त्याआधी याच पिटना त्याने शेणखतावर उगवलेली अळंबी म्हणून रंगवले होते.

आपण विरोधी बाकांवर असाल, तर पैसे वाचवावेत. पुढे विरोधी बाकांवर गेलेल्या फॉक्स यांनी रोज गुळगुळीत दाढी केली असती, तरी गिलरेच्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत खुंट उगवलेच असते.