कागदोपत्री मी गाडीचा मालक आहे

मंगळवारी सकाळी साडेनऊला, अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत घाम पुसत उभा असताना, मला कंपनीच्या ग्राहक सेवा विभागातून एका मुलीचा फोन आला आणि तिने अतिशय गोड आवाजात नव्या गाडीबद्दल माझे अभिनंदन केले. गाडी ताब्यात घेतानाचा अनुभव कसा होता, हे तिला एक ते दहा गुणांत हवे होते. गाडी धुऊन-पुसून दिली का, टाकीत पेट्रोल होते का, क्रूझ कंट्रोल कसा लावायचा ते समजावून सांगितले का, असे तिने एका दमात विचारले. मी म्हणालो, “ताई, मला गाडी अजून मिळालेलीच नाही, मी रिक्षासाठी उभा आहे.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, तो ऑप्शन यात नाहीये.”

मी फोन ठेवतो न ठेवतो तोच शोरूममधल्या त्या पोराचा फोन आला. सात महिने मी फोन केला की तिथला प्रत्येक जण हमखास ‘मीटिंगमध्ये’ असतो. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच त्याने आपणहून मला फोन केला. “साहेब, मेसेजवर लिंक येईल, तेवढे दहा द्या ना. नऊ दिले तरी वरचे लोक शून्यच धरतात, माझा इन्सेंटिव्ह जातो.” मी विचारले, “अहो, पण गाडी?” तर म्हणतो, “साहेब, गाडी प्रोसेसमध्ये आहे.” ‘प्रोसेसमध्ये आहे’ या दोन शब्दांइतकी चीड मला दुसऱ्या कशाचीही येत नाही, बिल्डर, बँक आणि पासपोर्टचा एजंट या सगळ्यांनी मिळून माझे अर्धे आयुष्य त्याच प्रोसेसमध्ये घातलेले आहे.

खरा प्रकार मला नंतर कळला. ३१ ऑगस्टच्या रात्री महिन्याचे टार्गेट पुरे करायचे होते म्हणून यांनी माझ्या नावाने इन्व्हॉइस फाडले आणि संगणकावर गाडी ‘डिलिव्हर’ करून टाकली. बँकेने त्याआधीच पैसे त्यांच्या खात्यात वळते केले होते, त्यामुळे ५ तारखेला पहिला हप्ता माझ्या खात्यातून निमूटपणे कापला गेला. विम्याची पॉलिसीही सुरू झालेली आहे. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला सक्तीचा आहे, तो मी भरला. आता त्या तीन वर्षांतले काही आठवडे मी रस्त्यावर कोणालाही न ठोकता, रिक्षात बसून घालवतो आहे. १२ टक्के रस्ता कर भरून झाला, तोही रस्त्यावर न येता. थोडक्यात, गाडी विकली गेली आहे, तिचा विमा उतरला आहे, तिचे कर्ज फिटू लागले आहे आणि ती मला मिळालेली आहे. फक्त ती माझ्याकडे नाही.

मी आवाज चढवला तेव्हा यांनी पुरावा म्हणून पनवेलच्या यार्डातला एक फोटो पाठवला. पिवळ्या दिव्याखाली धुळीने माखलेल्या गाड्यांची रांग, त्यातल्या एका छतावर कावळ्याची शिट, आणि खाली मजकूर: ‘युवर कार सर’. मी लाल रंग सांगितला होता. त्या उजेडात ती गाडी लाल, चॉकलेटी किंवा गंजलेली, काहीही असू शकते. रात्री दोन वाजता दोन बोटांनी फोटो ताणून ताणून मी समोरच्या काचेच्या कोपऱ्यातला चासी नंबर वाचला. शेवटचे चार आकडे इन्व्हॉइसवरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. हे सांगितल्यावर उत्तर आले, “साहेब, फोटो फक्त रेफरन्ससाठी आहे.”

यांनी मला आधी पाडव्याचा शब्द दिला होता, मग अक्षय्य तृतीयेचा, मग गणपतीचा. आता म्हणतात, नंबर प्लेट आली नाही आणि प्लेटशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही, पण पितृपक्षात काम लवकर होईल कारण तेव्हा कोणी गाडी नेत नाही. माझ्या आईला हे ऐकवून दाखवा! दरम्यान तीन सेल्समन बदलले आणि प्रत्येकाने माझे आधार कार्ड नव्याने मागितले. न मागितलेले मॅट आणि क्रोमच्या पट्ट्या बिलात शिरल्या. एक्स्चेंज बोनस हवा असेल तर जुनी गाडी लगेच द्या, असे सांगून तीही नेली, आणि ती मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता नेली. त्या कामात यांना कसलीही प्रोसेस लागली नाही.

बायको एवढेच म्हणाली की, टर्बो इंजिन आणि स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पट्ट्या घेऊन तू जाणार कुठे, जोगेश्वरी ते अंधेरी? तिचे म्हणणे खोटे नाही. कोस्टल रोडवर ताशी ८० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर १०० ची, आणि आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक एवढा उंच आहे की ही बुटकी गाडी रोज पोट घासूनच आत येईल. तरीही मी रोज रात्री त्याच गाडीचे व्हिडिओ बघतो आणि तिच्या एक्झॉस्टचा आवाज हेडफोन लावून ऐकतो, हे मी तिला सांगितलेले नाही. हौसेने आणलेले गाडीचे कव्हर सध्या बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर आहे. माझ्या पार्किंगच्या जागेत शेजारच्या काकांची स्कूटर लागते आणि ते मला भेटले की विचारतात, “आली का?”

काल रात्री ती लिंक आली. मी दहा गुण दिले, कारण त्या पोराचा इन्सेंटिव्ह गेला तर माझी फाईल कोणत्या खणात जाईल याचा नेम नाही. ‘अन्य सूचना’ या रकान्यात मात्र लिहिले: माझी गाडी कोणत्या रंगाची आहे, हे कृपया कळवावे.