विंडोज सोडायचं, पण सगळ्यात शेवटी

अण्णांच्या संगणकाला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कट्ट्यावरची निम्मी मंडळी तो मेलाय असं धरूनच बोलत होती. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. चालू होतो, पळतो. फक्त विंडोज 11 त्याला दारात उभं करत नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात, वर टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या चिपची अट आहे. आणि विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अण्णांनी साधं विचारलं, "आता मी काय करायचं?"

हा प्रश्न बंड्यासमोर विचारायचा नसतो.

"लिनक्स टाका, अण्णा. मिंट टाका. मी येतो, तासाभरात होतं." (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट हा तिचा एक प्रकार.)

"आणि माझ्या फाइली?"

"उघडतात की! सगळं उघडतं."

मास्तर उसळले. (हे शाळेत शिकवत नाहीत. दिसेल त्याला शिकवतात, म्हणून मास्तर.) "अरे, पण घाई कशाला? पाठिंबा संपला म्हणजे संगणक बंद पडला का? विंडोज एक्सपीचा पाठिंबा 2014 मध्ये संपला. त्यानंतरही लोकांनी वर्षानुवर्षं वापरलंच ना? काय झालं?"

बऱ्याच जणांचं काही झालं नाही, हे खरं. पण मास्तर एक गोष्ट सोडून देतात. विंडोज 10 आणि 11 च्या पोटातला बराचसा कोड एकच आहे. दर महिन्याला 11 च्या सुरक्षेतली भोकं बुजवली जातात, तेव्हा आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहणाऱ्याला भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. मग तेच भोक 10 मध्ये आहे का, एवढंच बघायचं उरतं. म्हणजे दुरुस्ती थांबते आणि वर दर महिन्याला चोराच्या हाती नकाशा पडतो. ब्राउझर आणि अँटिव्हायरस पुढे काही काळ अपडेट होत राहतील, पण खालच्या जमिनीतली भोकं कोणी बुजवणार नाही. इंटरनेटला कधीच न जोडलेला संगणक असेल तर गोष्ट वेगळी. अण्णा तर सगळा पत्रव्यवहार याच्यावर करतात.

"बरं, मग रुफस नावाच्या प्रोग्रामने विंडोज बसवायचा पेन ड्राइव्ह बनवा," मास्तरांनी दुसरा पत्ता टाकला. "टीपीएमची अट गाळायची सोय आहे त्यात. विंडोज 11 बसतं."

बसतं, नाही असं नाही. पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 11 ची 24एच2 ही आवृत्ती आली तेव्हा पॉपसीएनटी नावाची एक सूचना प्रोसेसरला कळत नसेल तर ती आवृत्ती चालूच होत नव्हती. अण्णांच्या प्रोसेसरला ती कळते, तो त्या चाळणीतून सुटेल. पुढची चाळणी कसली असेल हे मात्र मास्तर सांगू शकत नाहीत, आणि तेव्हा फोन मलाच येणार.

मास्तरांचा तिसरा मुद्दा मात्र मी लगेच मान्य केला. घरगुती वापरासाठी विंडोज 10 ला सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि नाव नोंदवावं लागतं. मास्तरांच्या मते म्हणजे प्रश्न मिटला. माझ्या मते त्यामुळे बंड्याचं 'तासाभरात होतं' टळलं, आणि तेच महत्त्वाचं होतं.

मधेच कोणीतरी "मॅक घ्या" म्हणालं. अण्णांना नवं यंत्र घ्यायचं नाही, त्यामुळे ते तिथेच संपलं. आणि तिकडेही हाच खेळ आहे. इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठी मॅकओएस 26 ही शेवटची आवृत्ती, असं अ‍ॅपलनं 2025 मध्येच सांगून टाकलंय.

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी बोलल्या, आणि खरं भांडण तिथून सुरू झालं.

"बंड्या, तू लिनक्सवर दिवसभर काय करतोस रे?"

"ब्राउझर, टर्मिनल, कोड लिहितो."

"म्हणजे तुझं काम लिनक्सवरच जन्माला आलंय. आमचं नाही. सगळं उघडतं म्हणतोस, ते तुझं उघडतं."

वहिनी पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. इनडिझाइन हे त्यांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघत नाही, आणि वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) आधारे ते रोजच्या कामाला विसंबून चालवण्याची भाषा बंड्यानेही केली नाही. त्याऐवजी स्क्रायबस आहे, चांगलं आहे, पण इनडिझाइनची आधी केलेली फाइल त्यात जशीच्या तशी येत नाही. आणि त्याहून मोठं दुखणं जुन्या मजकुराचं. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या फॉन्टात टाइप केलेली पानंच्या पानं त्यांच्याकडे आहेत. त्या फॉन्टांत देवनागरीची चित्रं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर मजकूर दिसतो, पण त्यात एक शब्द बदलायचा तर टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचं.

"मग युनिकोडमध्ये बदलून टाका ना एकदाचं," बंड्या म्हणाला.

"तू कधी केलंयस? ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप केलेली असते, ती अक्षराच्या नंतर न्यावी लागते. रफार शेवटी असतो, तो अक्षराच्या आधी आणावा लागतो. कनव्हर्टर करतो बरंचसं, पण जोडाक्षर आलं की घोटाळा होतो, आणि घोटाळा कुठे झालाय हे पान वाचल्याशिवाय कळत नाही. सगळी पानं कोण वाचणार? तू?"

बंड्याने विषय बदलला आणि लिनक्सवर देवनागरी किती छान दिसते ते सांगायला लागला. तेही खोटं नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच, बोटांना काही नवीन शिकावं लागत नाही. उच्चारानुसार टाइप करायची सोय आयबस नावाच्या प्रोग्राममधून होते. पण वर्डमध्ये मंगल किंवा निर्मला वापरून केलेली फाइल लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागचं फुकट ऑफिस) उघडली की त्या फॉन्टच्या जागी दुसरा येतो, ओळी लांबतात आणि चौथ्या पानावरचा तक्ता पाचव्यावर जातो. इंग्रजीत हे पुष्कळ सांभाळलेलं आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, एरियलच्या जागी लिबरेशन सॅन्स, दोघांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम सारखी ठेवलेली. म्हणून इंग्रजी फाइल उघडून "बघ, तसंच दिसतंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. स्वतःची फाइल उघडून बघावी.

मास्तरांना आता जोर चढला. "म्युनिकचं काय झालं माहीत आहे ना? 2003 साली महापालिकेने ठरवलं लिनक्सवर जायचं. दहा वर्षं लागली, पंधरा हजारांच्या आसपास संगणक हलवले, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला!"

"ते राजकारण होतं!" बंड्या ओरडला.

"तुमचं जमलं की तंत्रज्ञान, फसलं की राजकारण!"

म्युनिकमध्ये दोन्ही होतं. ठरावामागे राजकारण होतंच, पण काही खास प्रोग्रामांसाठी विंडोजचे संगणक बाजूला ठेवावे लागले होते आणि बाहेरच्यांशी फाइली देताघेताना कटकट होत होती, हेही खरंच होतं. मला मात्र म्युनिकपेक्षा फ्रान्सच्या जांदार्मरीचं उदाहरण जास्त कामाचं वाटतं. हे तिथलं पोलीस दल. त्यांनी 2005 च्या सुमारास विंडोज तसंच ठेवून आधी ओपनऑफिस आणलं. मग ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. उबुंटूकडे, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराकडे, वळले ते 2008 मध्ये. तोवर माणसाची बोटं ज्या खिडक्यांत दिवसभर वावरतात त्या सगळ्या आधीच बदलून झाल्या होत्या, खालची विंडोज गेली तरी समोरचं चित्र फारसं हललं नाही. आज तिथे एक लाखाच्या आसपास संगणक त्यांच्या स्वतःच्या उबुंटूवर चालतात.

माझं म्हणणं तिथेच अडतं. बंड्या उलट्या टोकाने सुरू करतो. आधी विंडोज पुसायचं, आणि मग उघड्या डेस्कटॉपवर बसून "आता पीडीएफवर सही कशात करू" हे शोधायचं. माणूस वैतागतो तो लिनक्सवर नाही, एकाच दिवशी सगळं अनोळखी झालं यावर. लिब्रेऑफिस, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिम्प हे सगळं विंडोजवरही चालतं. अण्णांनी दोन महिने विंडोज 10 वरच हे वापरावं. जे जमणार नाही ते तिथेच कळेल, परतीचा रस्ता समोर असताना. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि खरं तर सोपं काम आहे.

"दोन महिने?" बंड्याला ते ऐकूनच थकवा आला. "लाइव्ह यूएसबी लावू की! डिस्कला हातही न लावता मिंट चालवून बघता येतं."

हे चांगलंच, पण त्यातून वेगळी गोष्ट कळते. लाइव्ह यूएसबी यंत्र तपासायला. वायफाय सापडतं का, आवाज येतो का, झोपवलेला संगणक नीट उठतो का, दुसरा मॉनिटर दिसतो का. प्रिंटरसुद्धा तेव्हाच लावून बघावा. अलीकडचे नेटवर्कवाले प्रिंटर बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न मागता छापतात. काही जुने, स्वस्तातले प्रिंटर मात्र विचार करायचं सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकतात, ते अडून बसतात. आणि प्रिंटर चालला म्हणजे त्याचा स्कॅनर चालेलच असं नाही. अण्णांना स्कॅनर जास्त लागतो, हे बंड्याला या चर्चेतच कळलं.

मास्तर म्हणाले, दोन्ही ठेवा, डुअल बूट करा. यावर आश्चर्य म्हणजे बंड्या आणि मी एका बाजूला आलो. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणं जमतं, पण त्याच्या खोड्या सवयीच्या माणसाने सांभाळाव्यात. विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेली विंडोज खरं तर अर्धवट झोपलेली असते, मग लिनक्सला ते पार्टिशन फक्त वाचायला मिळतं, लिहिता येत नाही, आणि माणूस म्हणतो डिस्क खराब झाली. घड्याळाचं तर विचारूच नका. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ, आहे असं धरतं. त्यामुळे इकडून तिकडे गेलं की ग्रीनिचपासून आपण जितके तास दूर तितकं घड्याळ चुकतं. लिनक्सला एका आदेशाने समजावता येतं, पण तो आदेश आहे हे माहीत हवं. ठेवायचंच असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी, आणि ती बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवायची.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलुपाबद्दल, मी जरा आवाज चढवून बोललो. कारण बाकी सगळं निस्तरता येतं, हे नाही. पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. लिनक्स बसवताना सिक्युअर बूट ही सुरुवातीची तपासणी बंद केली, बूटचा क्रम हलवला, की पुढच्या वेळी निळा पडदा 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर फाइली तिथेच आहेत आणि तरी नाहीत. आधी ती की कागदावर लिहायची. मग बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. मगच पेन ड्राइव्ह हातात घ्यायचा.

"एवढं सगळं करून मला मिळणार काय?" अण्णांनी विचारलं.

बंड्याला स्वातंत्र्यावर बोलायचं होतं. 1991, लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्स, जीपीएल हा मुक्त परवाना, सगळं जिभेवर आलेलं दिसत होतं. वहिनींनी हातानेच थांबवलं. अण्णांसाठी उत्तर साधं आहे. मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, याच प्रोसेसरवर, टीपीएम न विचारता. त्यानंतरची आवृत्तीही यावर बसेल असं मानायला हरकत नाही, कारण तिकडे चांगला चालणारा आय-फाइव्ह सहसा कोणी यादीतून काढत नाही.

मग अण्णांच्या कामांची उजळणी झाली. ईमेल, पत्रं, फोटो, व्हिडिओ कॉल, स्कॅन. सगळं निभावलं. आणि मग अण्णा सहज म्हणाले, "आणि ती हिशेबाची एक्सेल. बटण दाबलं की पावत्या बनतात ना, ती."

बटण म्हणजे मॅक्रो, एक्सेलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्राम. बंड्याचा चेहरा पडला. लिब्रेऑफिस कॅल्क एक्सेलचे काही मॅक्रो चालवतं, पण एक्सेलच्या आतल्या गोष्टींवर जितका जास्त भार, तितकी अडचण. आणि हा मॅक्रो अण्णांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेला, त्या माणसाचा आता संपर्क नाही.

"व्हर्च्युअल मशीन! संगणकाच्या आत संगणक!" बंड्या सावरला. "मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स, त्यात विंडोज 10, नेटवर्क तोडलेलं. फक्त ही एक फाइल."

"8 जीबी रॅममध्ये? आणि मग विंडोज सोडलं कुठे तुम्ही?" मास्तर.

"इंटरनेटवरून सोडलं ना!"

वहिनींच्या मते त्यापेक्षा मॅक्रो नव्याने लिहावा, पावत्याच तर बनवायच्यात. बंड्या म्हणाला मी पायथनमध्ये लिहून देतो. मी म्हणालो, म्हणजे पुढच्या वेळी संपर्क नसलेला माणूस तू. यावर तो चिडला, पण फाइल बघायला तयार झाला. आधी ती अण्णांच्या विंडोजवरच कॅल्कमध्ये उघडायची आणि बटण दाबून बघायचं असं ठरलंय. अण्णा ती पेन ड्राइव्हवर घालून आणणार आहेत. आकडे गुप्त आहेत, ते आधी पुसून आणेन म्हणाले, आणि आकडे पुसल्यावर मॅक्रो चालला की नाही हे कसं कळणार यावर मास्तर आणि बंड्या पुन्हा जुंपले.