ओम्निस म्हणजे ‘ऑल’, तोतुस म्हणजेही ‘ऑल’? पुरे आता!

लॅटिनची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांचं परिमाणवाचक विशेषणांशी काय वाकडं आहे, ते एकदा कळू दे. युद्ध, देवदेवता, शेतीवाडी यांच्या शब्दांना पानंच्या पानं, आणि ‘किती’ सांगणारे शब्द धड्याच्या शेवटी एका चौकटीत कोंबलेले. ओम्निस: ऑल. तोतुस: ऑल. कुंक्तुस: ऑल. ऊनिवेर्सुस: ऑल. रोमन लोकांनी एकाच गोष्टीसाठी चार शब्द उगाच बाळगले होते का?

एवढ्या शिदोरीवर विद्यार्थी रोमन सेनापती सीझरच्या गॉलवरच्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सवरच्या) ग्रंथाचं पहिलं वाक्य उघडतो: ‘गाल्लिया एस्त ओम्निस दीवीसा इन पार्तेस त्रेस’, गॉलचे तीन भाग आहेत असं सांगणारं. कुठल्याशा यादीत ओम्निसपुढे ‘एव्हरी’ पण दिलेलं असतं, म्हणून तो ‘प्रत्येक गॉल’ लिहून मोकळा होतो. चूक त्याची नाहीच! सीझरला म्हणायचंय, गॉल सगळं मिळून, व्यापक अर्थाने. कारण त्याच वाक्यात पुढे तो सांगतो की तिसऱ्या भागातल्या लोकांनाच आपण गॉल म्हणतो. म्हणजे मोठं गॉल आणि त्यातलं छोटं गॉल यांतला फरक त्या एका विशेषणावर उभा आहे. तोतुसचा रोख वेगळा, न तुटलेल्या अख्ख्या गोष्टीवर. शिवाय ‘तोता उर्बे’ म्हणजे शहरभर, तिथे ‘मध्ये’ सांगणारं ‘इन’ लागत नाही. हे कोण सांगणार? चौकटीत जागा नव्हती म्हणे.

बरं, अर्थ सोडा, वाक्यरचनेचं काय? हजार सैनिक म्हणजे ‘मील्ले मीलितेस’, मील्ले हलत नाही की डुलत नाही. दोन हजार म्हटलं की ‘दुओ मीलिया मीलितुम’, सैनिकांना थेट षष्ठी! ‘जास्त पैसा’ म्हणायला ‘प्लूस पेकूनियाय’, पुन्हा षष्ठी, कारण एकवचनात प्लूस हे नाम आहे. अनेकवचनात तेच ‘प्लूरेस’ होऊन गुमान विशेषणासारखं वागतं. पुरेसं सांगणारा ‘सातिस’ आणि कमी पडलेलं सांगणारा ‘पारुम’, दोघांनाही षष्ठीच हवी. रोमन इतिहासकार सॅलस्टने कटवाल्या कॅटिलिनाला याच दोन शब्दांत मोजलंय: ‘सातिस एलोक्वेन्तियाय, सापिएन्तियाय पारुम’. वक्तृत्व भरपूर, शहाणपण तोकडं. चार शब्दांत माणूस उभा केला! आणि पुस्तकात काय, तर सातिस: इनफ. बस.

आणि ‘नोन्नुल्ली’? म्हणजे काही जण. तोच नकार उलट लावून ‘नुल्ली नोन’ केलं की एकही सुटत नाही, सगळे आले. शब्दांची जागा बदलली की ‘काही’चे ‘सगळे’ होतात, आणि याला तळटीपसुद्धा नाही! परीक्षेत मात्र हाच फरक हमखास.

सगळ्यांत जास्त संताप येतो तो तोत-क्वोत आणि तांतुस-क्वांतुस यांच्यावर. रोमन नाटककार टेरेन्सचं ‘क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तियाय’ घ्या. जितकी माणसं, तितकी मतं. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणणाऱ्या माणसाला यात अवघड काय आहे? तोत आणि क्वोत चालत नाहीत, कुठल्याही विभक्तीत तसेच राहतात, एवढं एक वाक्य पुरे. क्वोत म्हणजे किती, संख्या. क्वांतुस म्हणजे केवढा, आकार. हा फरक मराठी पोराला शाळेत जायच्या आधीच येतो. तरी आम्ही आधी ‘अॅज मेनी अॅज’ आणि ‘हाऊ ग्रेट’ घोकायचं, मग त्यातून लॅटिनकडे जायचं, आणि गोंधळ झाला की ऐकायचं की लॅटिन तुमच्या आवाक्यातलं नाही. मराठी मुलासमोर बसलात ना? मग क्वांतुस म्हणजे केवढा, असं सरळ सांगा की!