सावकाराला १८ टक्क्यांची मर्यादा, कार्डाला कसलीच नाही

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकरी माणसाला विनातारण कर्ज दिलं, तर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेतकऱ्याकडून १२. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सरकारने हे दर ठरवून दिलेत. आणि आपल्या खिशातलं क्रेडिट कार्ड? बिल थकलं की बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के. वर्षाचे ४२ ते ४५.

आकडा महिन्याचा सांगतात, म्हणून तो अंगावर येत नाही. त्यात या व्याजावर १८ टक्के जीएसटी. गृहकर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, कार्डाच्या व्याजावर आहे. पावणेचारच्या दराने ५०,००० रुपये महिनाभर थकले तर व्याज १,८७५ आणि वर कर ३३७.५०. मुद्दलातला एक रुपयाही न फिटता २,२१२ रुपये गेले. वर्षाचा हिशोब केला तर हा दर ५३ टक्क्यांच्या पुढे जातो.

हा दर सगळ्यांना सारखा नसतो, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. एचडीएफसीच्या इन्फिनियासारख्या श्रीमंतांच्या कार्डावर महिन्याला १.९९ टक्के दर राहिला आहे. आयडीएफसी फर्स्टने २०२१ मध्ये कार्डं आणली तेव्हा ग्राहक पाहून वर्षाला ९ ते ३६ टक्के असा दर जाहीर केला होता. म्हणजे कमी दर देणं बँकांना जमतं. पण तो मिळतो बहुधा त्याला, ज्याच्यावर बिल थकवायची वेळच येत नाही. पहिली नोकरी, पंचवीस हजार पगार, घरात आजारपण निघालं, अशा माणसाच्या वाट्याला पावणेचारच.

बँका म्हणतात, हे विनातारण कर्ज आहे, बुडायचा धोका मोठा. खरं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनेच कार्डांच्या थकबाकीसाठी बँकांना जास्त भांडवल राखायला लावलं. पण मग २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला, गृहकर्जाचे हप्ते उतरले, तेव्हा तुमच्या कार्डाचा दर हलला का? आणि दहा वर्षं वेळेवर बिल भरणाऱ्याचा दर कधी आपणहून कमी झालाय का? धोका हेच कारण असेल, तर धोका कमी झाल्यावर दरही खाली यायला हवा.

२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला. हा विषय आयोगाचा नाही, रिझर्व्ह बँकेचा, असं न्यायालयाचं म्हणणं. ठीक. मग रिझर्व्ह बँकेने तरी बोलावं! तिच्या २०२२ च्या निर्देशांत लिहिलंय की कार्डावरचं व्याज खर्च आणि वाजवी परतावा पाहता समर्थनीय असावं. ४५ टक्के कोणत्या हिशोबाने समर्थनीय ठरतात, हे बँकांनी जाहीरपणे मांडावं आणि रिझर्व्ह बँकेने रेपोशी बांधलेली कमाल मर्यादा घालावी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर ज्यांचं बिल आत्ता थकलेलं आहे त्यांना कळकळीने सांगते: 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, तेवढीच भरून गप्प बसू नका. त्याने लेट फी टळते, व्याज नाही. आणि जुनी बाकी असताना त्या कार्डावर किराणा घेतलात, तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर ती मुदत मुळातच नसते. कार्ड बाजूला ठेवा. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज, सोनेतारण, बँकेचं वैयक्तिक कर्ज, यांतलं जे मिळेल त्याचा दर विचारा, कार्डाच्या दराशी ताडून पाहा आणि स्वस्त पडेल ते घेऊन कार्डाची बाकी एकदम मिटवा. आधी बिलाच्या मागच्या पानावर तुमचा नेमका दर शोधा. तो महिन्याचा असेल, बाराने गुणा.