‘गरिबाला सगळं फुकट’ : इंदूरमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

सध्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. आशय असा : गरिबाला पाच लाखांचा दवाखाना फुकट, औषधं फुकट, बाळंतपण फुकट, वर रोख पैसे. तरी ही माणसं वेळेवर इलाज करत नाहीत, आजार वाढवतात आणि मग एम.वाय. या इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गर्दी करतात. आणि या सगळ्याचा खर्च टॅक्स भरणारे आपण सोसतो. हे आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईबद्दल, आपल्याच चौकीदाराबद्दल बोललं जातंय. मला ते फार लागलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पाच लाखांपासून सुरू करू. आयुष्मान योजना सप्टेंबर २०१८ पासून आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज देते, हे खरं. बायपास, किमो, डायलिसिस यांत या कार्डामुळे पुष्कळ घरं कर्जातून वाचली. पण ते कार्ड चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. भरतीआधीचे ३ दिवस आणि दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढीच त्याची पोच. बी.पी., शुगर, दमा यांच्या रोजच्या गोळ्या, गल्लीतल्या डॉक्टरची फी, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, यातलं काहीच त्यात बसत नाही. आणि गरिबाचं आजारपण बहुतेक इथेच असतं.

मालवा मिल किंवा परदेशीपुरा या जुन्या मिल-वस्त्यांतल्या एखाद्या मेडिकलवर संध्याकाळी थोडं थांबून बघा. कामावरून परतणारी बाई पदराच्या गाठीतून चुरगळलेली नोट काढते आणि म्हणते, ‘‘भैया, चार गोली दे दो.’’ दुकानदार कात्रीने गोळ्यांचा पत्ता कापतो, औषधाचं नाव आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. चार गोळ्या आठ दिवस पुरवायच्या म्हणून ती एक दिवसाआड घेते. बी.पी. असं सांभाळता येत नाही. पुढे कधीतरी लकवा मारतो, ती भरती होते आणि त्या दिवशी कार्ड चालू होतं. रोजच्या गोळीला ज्या योजनेत जागा नव्हती, तीच आता लकव्याचं बिल भरते.

‘औषधं फुकट’चंही असंच. मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यांतून २०१२ पासून मोफत औषधं मिळतात, पण खिडकीवर जे असेल ते. नसेल ते बाहेरून आणायचं. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. मोठी सुधारणा आहे, मी ती नाकारत नाही. पण शंभरातले चाळीस रुपये खिशातून जात असतील तर त्याला फुकट कसं म्हणायचं?

आता ‘वेळेवर जात नाहीत’. ओपीडी दिवसा चालते आणि ही माणसंही दिवसाच कामावर असतात. एम.वाय.मध्ये आधी पर्चीची रांग, मग डॉक्टरची, मग रक्त द्यायची. रिपोर्टसाठी पुन्हा एक खेप. म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि धार, झाबुआ, बडवानीहून आलेल्यांचं भाडं वेगळं. गर्दी का होते, तर अख्ख्या माळवा-निमाडचे अवघड रुग्ण इथेच पाठवले जातात म्हणून. संजीवनी क्लिनिकं, म्हणजे सरकारचे छोटे दवाखाने, वस्तीजवळ आहेत आणि साध्या तापाला चांगली आहेत, पण कामावरून सुट्टी मिळण्याचा प्रश्न त्यांनीही सुटत नाही.

इथे इंदूरच्या जुन्या लोकांना एक आठवण द्यावीशी वाटते. कापडाच्या मिला चालू होत्या तेव्हा कामगाराकडे ई.एस.आय.चं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड असायचं. त्यात ओपीडी होती, औषधं होती, आणि आजारपणात घरी बसावं लागलं तर पगाराचा ठरावीक हिस्सा मिळायचा. आजही तो ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतरही पडल्या. त्या वस्त्यांतल्या ज्या सुना-लेकी आज आपल्या घरी कामाला येतात, त्यांना ई.एस.आय. लागूच नाही. सासऱ्याला जे मिळत होतं ते सुनेला नाही, ही पीछेहाट आहे.

बाळंतपणाबद्दल : २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण कोणत्याही बाईला मोफत आहे, तुमच्या-माझ्या सुनेलाही. रोख रकमेचं म्हणाल, तर संबल या मध्य प्रदेश सरकारच्या मजुरांसाठीच्या योजनेत नोंद असलेल्या बाईला १६,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. ते बुडालेल्या मजुरीपोटी आहेत. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. मग या १६,००० चाच मेसेज का व्हावा?

शेवटी टॅक्स. साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर जी.एस.टी. ती बाईही भरते. आपल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर, जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असू तर, टॅक्समध्ये सवलत मिळते, त्याचा भार सरकारी तिजोरीच उचलते. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, बंगल्यात राहणाऱ्यालाही, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरतं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी घरांतल्या आई-वडिलांना ते मिळू शकतं. काढलं नसेल तर काढून घ्या, आणि कामवाल्या बाईच्या सासूचंही वय बसत असेल तर तिचंही काढून द्या.