चादर उलटून पाहा

आज सकाळी सोलापुरात एका सत्कार समारंभाला गेलो होतो. शहरातल्या नागरिकांनी आणि व्यापाऱ्यांनी इथे तयार झालेला मालच घ्यावा, असे आवाहन व्यासपीठावरून झाले आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. नंतर सत्कारमूर्तींना चादरी दिल्या गेल्या. शेजारी बसलेल्या गुरुजींना मिळालेली चादर मी सवयीने उलटून पाहिली, तर एका बाजूला भडक नक्षी आणि दुसरी बाजू फिकट होती. चादर छापील होती. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

उलटून पाहण्याची ही सवय वडिलांची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर जेकॉर्डचा, म्हणजे कापड विणतानाच नक्षी काढणारा, माग चालवला. एकदा पुण्यात एका दुकानदाराने 'अस्सल सोलापुरी' म्हणून चादर त्यांच्यापुढे टाकली, तेव्हा त्यांनी ती उलटली, दोन बोटांत चिमटून पाहिली, 'ही आपली नाही' एवढेच म्हटले आणि घडी घालून परत दिली. जेकॉर्डच्या चादरीत नक्षी विणतानाच उतरते, म्हणून ती दोन्ही बाजूंना उठते आणि फक्त रंगांची अदलाबदल होते. हे ओळखायला माग चालवावा लागत नाही.

पुण्यातल्या दुकानदाराला एकवेळ माफ करता येईल, पण सोलापुरात, सोलापूरचाच माल घ्या असे सांगणाऱ्या व्यासपीठावर हे घडावे? आपल्या चादरीला आणि टॉवेलला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो, आणि खरेदीची वेळ आली की दरपत्रकातला सर्वांत खालचा आकडा निवडतो. छापील चादर स्वस्त पडते, हे खरे आहे. हातावर पोट असलेल्या माणसाने ती घेतली, तर मी त्याला एक शब्दही बोलणार नाही. परंतु शंभर-शंभर नग एकदम घेणाऱ्या संस्थांना, पतपेढ्यांना आणि मंगल कार्यालयांना ही सबब शोभत नाही.

सूत तरी कुठे इथले असते, असे कोणी म्हणेल. नसेल, पण त्याचे कापड इथे होते. माग चालवणाऱ्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा तेलंगणातून आले, घरात आजही तेलुगू बोलली जाते, आणि चादरीवर नाव मात्र सोलापूरचे लागले. आमची आई रात्री जेवणे आटोपल्यावर मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसायची; वडिलांनी पुण्यात ती चादर चिमटून पाहिली, तेव्हा त्यांच्या बोटांना आईच्या कांड्यांचे सूत आठवले असेल, असे मला आता वाटते.

गुरुजींना मी काही बोललो नाही. ते आनंदात होते.

पुढच्या महिन्यात पुतणीचे लग्न आहे. आहेराचे सगळे टॉवेल आणि चादरी वडिलांच्या जुन्या सोबत्याच्या कारखान्यातून घ्यायच्या, असे आज घरी ठरवले. तुमच्याकडेही कार्य असेल तर मला कळवा, मी सोबत येईन.