मोर्चेवाल्यांच्या नावानं बोंब

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की झालं सुरू! "मोर्चेवाल्यांनी वैताग आणला बाप्पा, बर्डीत गाडी हलत नाही." अरे, रस्ता अडवला कोणी? बॅरिकेड्स तर पोलिसांचे! अंगणवाडीताई गडचिरोलीहून रात्रभर एसटीत बसून येते, यशवंत स्टेडियमवरून निघते अन् वाटेतच थांबवतात. विधानभवन राहिलं तिकडंच. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत, निवेदन द्या, फोटो काढा, निघा. पुढच्या वर्षी निवेदन तेच, तारीख नवी. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी या आदिवासी समाजाचा मोर्चा असाच अडवला, ११४ जीव चेंगरून गेले. त्यांच्याच नावाच्या उड्डाणपुलावरून हॉर्न वाजवत जाता, अन् वरून मोर्च्याला शिव्या! वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, असं १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, त्यापायी सरकार इकडं येतं, तेही गाशा गुंडाळायच्या घाईत. मग एरवी दाद मागायची कुठं राजेहो, पानठेल्यावर?